माहेरचे पाणी

पेणच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. दर वर्षी आफ्रिका खंड आला, की फळ्यावर एक वाकडीतिकडी निळी रेघ ओढायची, तिच्याशेजारी 'झांबेझी' असे लिहायचे, रेघेच्या मध्यावर खडूने एक आडवा फटका मारायचा आणि म्हणायचे, "हा व्हिक्टोरिया धबधबा. लिहून घ्या." एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "बाई, तुम्ही पाहिलाय?" मी म्हटले, "अजून नाही." वर्ग हसला. 'अजून' या शब्दाला ती पोरे हसली हे मला तेव्हाच कळले होते. पेणच्या बाई झांबेझीला कधी जायच्या! रोह्याला माहेरी जायचे तर यांची आठ दिवस मनधरणी करावी लागे.

पण योग कसा येतो पाहा. मुलाला लुसाकाला नोकरी लागली, सून आणि नातवंडे तिकडे गेली, आणि नऊ वर्षे 'येऊ, येऊ' करीत शेवटी २०२३ च्या एप्रिलअखेर आम्ही दोघे निघालो. मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, एक मेची सुट्टी इथेही असते आणि यंदा सोमवारी आलीय. तुला तुझा धबधबा दाखवतो." मग जरा थांबून म्हणाला, "आणि घराचंही एकदा बोलून टाकू."

घराचे म्हणजे माझ्या माहेरच्या घराचे. रोहे तालुक्यात, कोलाडच्या वरच्या अंगाला, कुंडलिकेच्या काठी आमचे जुने कौलारू घर आहे. भाऊ गेला, त्याला मूलबाळ नव्हते, म्हणून ते माझ्याकडे आले. वर्षातून चार वेळा जाऊन मी कौले शेकारून घेते, अंगण झाडून घेते आणि परत येते. अलीकडे त्या नदीत रबरी होड्यांतून वल्हवत खाली येण्याचा खेळ निघाला आहे, त्यामुळे काठच्या जागांना सोन्याचा भाव. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेले होते. माझी फक्त सही हवी होती.

सामानाची हकीकत लांबवीत नाही. पेणचे माणूस परदेशी निघाले की काय नेणार? पोह्यांचे पापड, मिरगुंडे आणि गणपती. गणपती वीतभर, शाडूचा. कापसात गुंडाळून मी तो मुंबईपासून अदिस अबाबापर्यंत आणि तिथून लुसाकापर्यंत मांडीवर नेला. यांनी सगळ्यांच्या नकारावर मात करून एक गोष्ट बरोबर घेतली होती. त्यांची छत्री. काळी, लांब दांड्याची. "अहो, तिथे आता पावसाळा संपला," असे मुलगा, सून आणि मी तिघांनीही सांगितले. ते म्हणाले, "असू दे. टेकायला होते."

लुसाकाहून धबधब्याच्या गावाला, म्हणजे लिव्हिंग्स्टनला, पावणेपाचशे किलोमीटरचा रस्ता आहे. गाडी भाड्याची होती आणि गाडीवान चाळिशीचा, हसतमुख, त्या दक्षिण प्रांतातलाच, टोंगा जमातीचा. माझाबुका आले तशी दोन्ही अंगांना उसाची हिरवी भिंत उभी राहिली आणि यांना एकदम नगर जिल्ह्यात आल्यासारखे वाटले. पुढे चोमा गावाच्या बाजारात गाडी थांबली, तर हे काच खाली करून नाक वर करून बसले. "जवळा!" आणि खरेच, पाट्यांतून चांदीसारख्या सुक्या बारीक मासळीचे ढीग. तिला तिकडे कपेंटा म्हणतात. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, न्शिमा, त्याच्याबरोबर ती खातात. आपल्या उकडीचीच बहीण. गाडीवानाने सांगितले, "ही मासळी कारिबाच्या तलावातली." कारिबा हे नाव मी फळ्यावर लिहिलेले होते. 'मानवनिर्मित मोठे जलाशय' या मथळ्याखाली, एका ओळीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धबधब्यावर गेलो. आता इथे मी प्रामाणिकपणे लिहिणार आहे. एप्रिल-मे म्हणजे झांबेझीचा भर. वर अंगोलाकडे पडलेला पाऊस सावकाश चालत तेव्हा इथवर पोचतो. दूरवरूनच झाडांच्या डोक्यावर पांढरा धूर उठलेला दिसतो आणि ढग गडगडावे तसा आवाज येत राहतो. तिकडच्या लोकांनी त्याला नावच दिले आहे मोसी-ओआ-तुन्या, गर्जणारा धूर. भाड्याचे रेनकोट घालून आम्ही 'नाइफ एज' नावाच्या पायपुलावर गेलो. तो पूल थेट धबधब्याच्या तोंडासमोर आहे. आणि मी काय पाहिले? काहीही नाही! समोर पांढरे, खाली पांढरे, वर पांढरे. पाणी वरून पडत होते, खालून उसळून वर येत होते, बाजूने चापट्या मारीत होते. सतराशे मीटर रुंद आणि एकशे आठ मीटर उंच अशी पाण्याची भिंत माझ्यासमोर हाकेच्या अंतरावर उभी होती, आणि माझ्या चष्म्यावरून आषाढ वाहत होता.

यांनी छत्री उघडली. ती क्षणभर उघडी राहिली, मग उलटी झाली आणि तिचे कमळ झाले. नातू आणि नात हसून हसून कठड्याला लोंबकळले. हे तेवढ्याच गांभीर्याने ते कमळ डोक्यावर धरून उभे राहिले आणि ओरडून म्हणाले, "अगं, एवढे पैसे खर्चून पाऊसच बघायचा होता, तर आषाढात भिऱ्याला नसतो का गेलो?"

भिरा! त्या गर्जनेत तो एकच शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

मध्येच एक गोष्ट सांगून टाकते. पुलावरून परत आल्यावर झाडाखाली ओली बसले होते, तेव्हा तिची आठवण झाली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश मिशनरी १८५५ च्या नोव्हेंबरात स्थानिक लोकांच्या होडीतून इथे आला आणि धबधब्याच्या ओठावरच्या बेटावर पालथा पडून त्याने खाली वाकून पाहिले. राणीचे नाव त्यानेच दिले. इतके पाठ्यपुस्तकात होते. पुस्तकात नव्हते ते हे, की १८६४ साली हाच माणूस आपली छोटी आगबोट घेऊन समुद्र ओलांडून मुंबईला आला होता. पुढच्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकच्या शरणपूरला शिकलेले काही आफ्रिकी तरुण होते, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेले. १८७३ मध्ये तो आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचे शव शेकडो कोस चालत किनाऱ्यावर नेणाऱ्यांत असा एक नाशिकला शिकलेला होता, जेकब वेनराइट. नातवाला मी हे सांगितले. त्याने विचारले, "मग त्याला मराठी येत असेल का गं आजी?" मी भूगोलाची बाई. असल्या प्रश्नांना उत्तर नसते.

आणि दुसरे, पायाखालचा दगड. काळाकुट्ट कातळ, ओला झाला की निळसर. मी वाकून हात लावला. हा आपलाच दगड, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. आपला सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, हा अठरा कोटींच्या आसपासचा, म्हणजे थोरला भाऊ म्हणावा. या कातळाच्या भेगांतून नदी मागे मागे सरकत गेली आणि एकामागून एक घळी कोरीत आली.

पण मन भिऱ्यातून निघेना.

उंचीचा हिशोब करावा तर भिऱ्याचा धबधबा या व्हिक्टोरियाच्या चौपटीहून उंच आहे. पाचशे मीटरांच्या घरात. मात्र तो कुणी पाहू शकत नाही, कारण तो लोखंडी नळांत घातलेला आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून त्या नळांतून खाली कोसळते, भिऱ्याच्या वीजघरात चाके फिरवते आणि बाहेर पडून कुंडलिकेत येते. ही मुळा नदी खरे तर पूर्वेची. पुण्याला मुठेला भेटावी, भीमेत जावे, कृष्णेत जावे, बंगालच्या उपसागरात विसावावे, असा तिचा संसार. माणसाने तिला उलटी फिरवली आणि कोकणात दिली.

माझी आजी अशीच कोकणात दिलेली होती. वडिलांची आई. मुळशी खोऱ्यातल्या एका गावची लेक. १९२० च्या सुमारास, बारा वर्षांची असताना, घाटवाट पायी उतरून कुंडलिकेच्या काठी सासरी आली. पुढच्याच वर्षी रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट पुढारी. मावळे बायकापोरांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. आजीचे वडील आणि थोरला भाऊ त्यांत होते. तीन वर्षे लोक भांडले, तुरुंगात गेले, आणि धरण झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या त्या विजेवर धावू लागल्या. आजीच्या माहेरचे घर, आंब्याचे झाड, देऊळ, सारे पाण्याखाली गेले. माहेरची माणसे कुठे कुठे पांगली. कंपनीकडून मिळालेल्या पैशांचे काय झाले, हे आजी कधी बोलली नाही.

ती एकच करी. रोज सकाळी तांब्या घेऊन नदीवर जाई आणि पायरीवर बसून राही. भिऱ्याला यंत्रे सुरू झाली की काही वेळाने कुंडलिकेचे पाणी वाढे. आधी दगड भिजत, मग पायरी बुडे. पायरी बुडाली की आजी तांब्या भरी आणि म्हणे, "आलं गं बाई माहेराहून." ते पाणी ती तुळशीला घाली. मी लहान, तिच्या पदराला धरून उभी. मला वाटे, सगळ्यांच्याच आज्यांचे माहेर असे नदीतून येते. रविवारी पाणी कमी येई. वडील म्हणत, "मुंबईच्या गिरण्यांना सुट्टी." आजी म्हणे, "आज कुणी नाही आलं," आणि रिकामा तांब्या घेऊन वर येई. घरात वीज पुष्कळ उशिरा आली. पहिला दिवा लागला त्या संध्याकाळी सगळ्यांनी हात जोडले. आजी त्या दिव्याकडे बराच वेळ पाहत होती. मग तिने विचारले, "हासुद्धा तिकडूनच आला का रे?"

ते घर विकायचे होते.

परतीच्या वाटेवर मी गाडीवानाला कारिबाबद्दल विचारले. तो आतापर्यंत मौजेने बोलत होता. आता रस्त्याकडे पाहत बोलू लागला. धबधब्याच्या खाली शेकडो किलोमीटरवर १९५५ ते १९५९ या काळात झांबेझीवर ते धरण बांधले. ग्वेंबे खोऱ्यातल्या सुमारे सत्तावन्न हजार टोंगा माणसांना उठवले. लोक म्हणत, नदीचा देव न्यामिन्यामी ही भिंत राहू देणार नाही. त्याचे धड सापाचे, डोके माशाचे; भिंतीने त्याची आणि त्याच्या बायकोची ताटातूट होणार होती. १९५७ साली आणि पुन्हा १९५८ साली असे पूर आले, की बांधकामाची दैना उडाली. पण भिंत झाली. १९५८ मध्येच एका गावाने हलायला नकार दिला, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ माणसे गेली. पाणी चढू लागले तेव्हा बेटांवर अडकलेल्या रानजनावरांना होड्यांतून सोडवण्याची मोठी मोहीम झाली. तिचे नाव जगभर गाजले. "जनावरांची पुस्तकं निघाली," एवढेच तो म्हणाला.

चोम्याच्या अलीकडे रस्त्याकडेला एक म्हातारी टोपल्या विकत बसली होती. टोंगा बायकांच्या टोपल्या मोठ्या देखण्या. बूड चौकोनी, तोंड गोल, आणि विणीतून काळ्या विजेसारखी नागमोडी नक्षी. मी खाली उतरले. गाडीवानाने शिकवले होते तसे म्हटले, "म्वाबूका बूती?" म्हातारी हसली आणि भराभर काहीतरी बोलली. माझे टोंगा तिथेच संपले. मग गाडीवान मध्ये बसला.

तिचे वय विचारले. ते तिला नक्की सांगता येईना. "लॉऱ्या आल्या तेव्हा मी एवढी होते," म्हणून तिने हात जमिनीपासून दीड हातावर धरला. म्हणजे माझ्याच वयाची. लॉरी तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. कोंबड्या पाटीत, मडकी गोधडीत, आणि आजोबा दोघांनी उचलून वर घातले. ते सारी वाट मागे तोंड करून बसले होते. नवी जमीन कोरडी. तिथे नदी नव्हती.

मी तिला आजीचे सांगितले. शाळेत सांगावे तसे सावकाश, लहान लहान वाक्यांत. गाडीवान ते टोंगात करी. धरण, बुडालेले गाव. ती मान डोलावत होती, हात विणीतच होते. मग तिने विचारले, "तुझ्या आजीच्या गावचं पाणी कुठे गेलं?"

मी म्हटले, "तिच्या सासरच्या दारात आलं. रोज येई."

गाडीवानाने ते सांगितले तसे तिचे हात थांबले. तिने त्याला पुन्हा विचारले, बरोबर ऐकले ना म्हणून. त्याने पुन्हा सांगितले. मग ती माझ्याकडे पाहत जे बोलली ते त्याने जरा अडखळत इंग्रजीत केले. "ती म्हणते, तुमची आजी भाग्याची. पाणी तिला शोधत आलं. आमच्या डोक्यावरून नुसत्या तारा गेल्या."

मी टोपली घेतली. भावात घासाघीस करायची यांची सवय, पण या वेळी तेही गप्प राहिले. पैसे दिल्यावर माझ्या लक्षात आले, की पिशवीत पोह्यांच्या पापडांचा एक पुडा राहिला आहे. तो मी तिला दिला आणि तळून कसे खायचे ते हातवाऱ्यांनी दाखवले. तिने एक कच्चाच मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. "त्वालुम्बा," ती म्हणाली. त्याचा अर्थ गाडीवानाने सांगायची गरज पडली नाही.

लुसाकाला त्या रात्री जेवणानंतर मुलाने लिफाफा माझ्यासमोर ठेवला. त्याचे काही चुकत नव्हते, हे मला आजही लिहायचे आहे. तो तिकडे, आम्ही पंच्याहत्तरीकडे झुकलेलो, कौले दर वर्षी फुटतात. "आई, तू तरी वर्षातून किती दिवस राहतेस तिथे? आणि तुझ्यानंतर कोण जाणार आहे?" सून ताटे उचलून आत गेली. हे छत्रीच्या काड्या सरळ करीत बसले होते, वर पाहिले नाही. मी कागद वाचले. मुखत्यारपत्र होते. चतुःसीमा लिहिल्या होत्या: पूर्वेस अमक्याची वाडी, उत्तरेस रस्ता, आणि दक्षिणेस 'नदी'. नदीचे नावसुद्धा घातलेले नव्हते. मी मुलाला म्हटले, "तिकडे जाऊन करते सही." तो काही बोलला नाही. लिफाफा मी टोपलीत ठेवला आणि टोपली मांडीवर घेऊन परत आले. जाताना गणपती होता, येताना ती.

पेणला दोन दिवस काढून मी एकटीच एसटीने कोलाडला गेले आणि तिथून रिक्षाने घरी. रात्री मुक्काम केला. पहाटे उठून आजीचा तांब्या घेतला; तो अजून माजघरात आहे, बुडाला पोचा आलेला. पायरीवर जाऊन बसले. पलीकडच्या काठाला त्या रबरी होड्या ओळीने पालथ्या घातलेल्या होत्या आणि चारदोन पोरे पाणी वाढण्याचीच वाट पाहत विडी ओढत उभी होती. त्यांचे पोट आता त्या पाण्यावर आहे. एकाने हाक मारून विचारले, "आजी, बसणार का होडीत?" मी हात हलवून नको म्हटले. थोड्या वेळाने दगड भिजले. मग पायरी.

पुढच्या वर्षी, २०२४ साली, तिकडे पावसाने दगा दिला. कारिबाचा तलाव इतका आटला, की झांबियात दिवसातले बहुतेक तास वीज नसे. एका रात्री मुलाचा फोन आला. तो अंधारात बसला होता. मुले मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास करीत होती. इकडचे तिकडचे बोलणे झाले. यांचे गुडघे, नातवाची परीक्षा, शाडूच्या गणपतीच्या सोंडेचा रंग कसा उडाला ते.

मग तो म्हणाला, "आई, ते कागद?"

"टोपलीत आहेत," मी म्हटले.

तो जरा थांबला. "आत्ता कुठे आहेस तू? पेणला?"

"नाही रे. इकडेच, कोलाडला. आठ दिवस झाले."

"पाणी आहे का नदीला?"

"सकाळी येईल," मी म्हटले.